दादरचं ‘युरोपातले शिकारमहाल’ व्याख्यान: आराखडे उत्तम, पडदा लहान

दोन तासांच्या या सचित्र व्याख्यानाचं खरं बळ म्हणजे ते आराखडा वाचायला शिकवतं. म्युनिकचं आमालियेनबुर्ग (१७३४–३९, वास्तुकार क्युविलिए) खोलीखोलीने उलगडतं: मधोमध गोल आरसेदालन, एका खोलीत खाली कुत्र्यांचे कप्पे आणि वर बंदुकांची कपाटं, छपरावर फेझंट पक्षी टिपायचा सज्जा. चिखलात पाय घालायची गरजच नाही, असा थाट!

लंडनजवळच्या एपिंग जंगलातली १५४३ ची लाकडी वास्तूही छान समजावली आहे. शिकार नीट दिसावी म्हणून वरचे मजले मुळात उघडे होते. भिंती नंतर भरल्या. तूरिनजवळचं, वास्तुकार युवाराचं स्तुपिनीजी (१७२९) मात्र उरकलंय. लंबगोल दालनातून तिरके फुटणारे चार हात दाखवले, पण ते तसे का, यावर अवाक्षर नाही.

हातात मिळणाऱ्या छापील आराखड्यांवर मोजपट्टी नाही, त्यामुळे दोन इमारतींची तुलना फसते. पडदा लहान, त्यामुळे त्यावरची मापं मागून दिसत नाहीत. पहिल्या तीन रांगांत बसा. व्हर्सायची सुरुवात तेराव्या लुईच्या १६२३ च्या शिकारघरातून झाली, हा भाग पाच मिनिटांत संपतो. फक्त त्यासाठी जाऊ नका.