भिवंडीत गोडाऊन घेताय? "थंब नंतर घेऊ" म्हणणाऱ्यापासून जपून

मानकोली, वळ, राहनाळ, पूर्णा ह्या पट्ट्यात कोणी गाळा बघत असेल तर टोकन द्यायच्या आधी हे वाचा. आमचे 3 लाख 84 हजार डिपॉझिटचे गेलेत, ब्रोकरेज वेगळं, आणि ऐन दिवाळीच्या सीझनला माल हलवायला लागला तो मनस्ताप वेगळाच.

आमचा धंदा प्लास्टिकच्या घरगुती सामानाचा, डबे, बादल्या, टब असलं. वजन काही नाही पण जागा भरपूर खातं. डोंबिवलीतली जागा पुरेना म्हणून 4000 फुटांचा आरसीसी गाळा शोधत होतो. आजूबाजूला सगळे 19-20 रुपये फूट सांगत होते आणि एका एजंटने 16 वाला दाखवला. तळमजला, टेम्पो थेट शटरला लागतो, आत कोणाचे तरी जुने खोके पडलेले. दाखवणारा माणूस गळ्यात चेन, दोन फोन, चावी स्वतःच्या खिशातून काढली. म्हणाला जागा आपल्याच घरातली, काका मालक आहेत, सगळं मीच बघतो, हे खोकेवाले आपलेच भाडेकरू, शनिवारी खाली करतायत. आणि शेठ, समृद्धी महामार्ग इथल्या आमणेपर्यंत आल्यापासून रोज पार्ट्या येतायत, पुढच्या महिन्यात ह्या भावात मिळणार नाही.

कागद मागितले तर लगेच दिले हो. सातबाऱ्याची झेरॉक्स, ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती, आणि काकांनी दिलेली म्हणे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, नोटरी केलेली. सातबारा आम्ही महाभूलेखवर, म्हणजे सरकारी साइटवर, टाकून बघितला, नाव बरोबर. सातबारा खरा, मालक खरा, गाळा खरा, फक्त हा माणूस त्यातला कोणीच नव्हता.

भिवंडीची गंमत अशी की इथे कागद अर्धवट असले तरी कोणाला नवल वाटत नाही. मुंबईची जकात चुकवायला नाक्याच्या अलीकडे गोडाऊनं उभी राहिली, त्यातली कितीतरी शेतजमिनीवर, ग्रामपंचायतीच्या एका कागदावर. नंतर परवानगी द्यायचं काम एमएमआरडीए ह्या सरकारी प्राधिकरणाकडे गेलं, 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण जुनी बांधकामं आहेत तशीच आहेत. त्यामुळे "दादा, एनए (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) विचारू नका, इथे सगळ्यांचं असंच आहे" हे वाक्य कोणीही बोललं तरी खरंच वाटतं. आणि फसवणारा नेमका ह्याच वाक्याच्या आड लपतो. बांधकामाची परवानगी नसणं हा एक प्रॉब्लेम आहे आणि समोरचा माणूस मालकच नसणं हा अगदीच वेगळा, पण बोलताना तो दोन्ही एकाच टोपलीत टाकतो.

तर 500 च्या स्टॅम्पवर नोटरी अ‍ॅग्रीमेंट झालं, 36 महिन्यांचं. रजिस्टरचं काय विचारलं की काका गावाला गेलेत, त्यांचा थंब, म्हणजे नोंदणीला लागणारा अंगठ्याचा ठसा, आला की करू. मग एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाची पीडीएफ पाठवली आणि लिहिलं, "रजिस्टर झालं". त्यावर आम्ही डिपॉझिटचा शेवटचा हप्ता सोडला आणि माल भरला.

आता हे चलन नीट समजून घ्या. चलन म्हणजे सरकारजमा पैशाची नुसती पावती. दस्त रजिस्टर झाला की त्याला नंबर पडतो, इंडेक्स टू (दस्ताचा सरकारी सारांश) निघते, मालकाचा आणि तुमचा दोघांचे फोटो आणि थंब लागतात. आमचा थंब कोणी घेतलाच नव्हता! आणि रक्कम पण बघा. लिव्ह अँड लायसन्सला (भाड्याच्या अशा कराराला) स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून. आमच्या व्यवहाराला सहा हजारांच्या थोडं वर बसते, गावातल्या जागेला रजिस्ट्रेशन फी 500. चलनावर सगळं मिळून 1,750. आमच्या सीएने बघितल्या बघितल्या सांगितलं की हे दुसऱ्याच कुठल्यातरी व्यवहाराचं आहे.

सीएकडे गेलो कारण जीएसटीत अ‍ॅडिशनल प्लेस (धंद्याची जादा जागा) टाकायची होती आणि ऑफिसरची क्वेरी आली, लाईट बिल आणि तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमधलं नाव जुळत नाही, मालकाची संमती जोडा. मीटर गाळ्याच्या मागच्या बाजूला, लाईनीत दहाबारा. आपल्या मीटरवरचा नंबर घेऊन बिल काढलं, त्यावरच्या नावावरून गावात विचारत खऱ्या मालकाच्या घरी पोचलो. वयस्कर माणूस, ओटीवर बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, माझा कोणी पुतण्या नाही. तो माणूस आधीच्या भाडेकरूचा गोडाऊन सांभाळायचा, त्यांची मुदत संपली, ते पैसे देऊन मोकळे झाले आणि ह्याच्याकडे एक चावी राहिली. मालकाने चालू भाव घेऊन महिनाभर माल ठेवू दिला, खरंतर दुसऱ्याच दिवशी बाहेर काढला असता तरी आम्ही काही करू शकलो नसतो. रेंट कंट्रोल कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केला तर भाडेकरूचं म्हणणं आधी धरतात, पण ते खऱ्या मालकाशी करार असेल तर. आमचा करार हवेशी.

आयजीआरच्या (नोंदणी खात्याच्या) साइटवर ई-सर्च फुकट आहे, त्यात आधीच्या भाडेकरूचा दस्त मिळाला, मालकाचं नाव आणि मुदत सकट. टोकन द्यायच्या आधी हे होतं, दहा मिनिटांचं काम. डिपॉझिट पण सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यातच टाका, मुखत्यार, पुतण्या, जावई कोणी असो. आमच्याकडून गेलं ते कुठल्यातरी एंटरप्रायझेसच्या खात्यात.

पोलिसांनी आधी "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवलं. वकिलाने बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 318, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली लेखी तक्रार लिहून दिली, सोबत चलन आणि बँक स्टेटमेंट, तेव्हा घेतली. ह्याच गाळ्यासाठी अजून दोघांनी टोकन दिल्याचं तिथे कळलं, एकाने तर रोख. आता तिघांचे जबाब झालेत. एजंट म्हणतो मी फक्त ओळख करून दिली, ब्रोकरेज मात्र परत देत नाही. त्या पट्ट्यात 16 च्या भावाने अजून कोणी पैसे दिले असतील तर चॅट डिलीट करू नका, त्याच तक्रारीत नाव घालता येतंय.