लष्करी परिचारिकांसाठी नाशिकरोडचा जीवरक्षण वर्ग

कमिशन मिळून लेफ्टनंट म्हणून रुजू होण्याआधी हात बसवून घ्यायचा असेल, तर नाशिकरोडचा हा दोन दिवसांचा वर्ग जरूर करा. सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याचा, सराव उत्तम: मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली, 30 दाबांमागे 2 श्वास. दमलेला हात उथळ पडतो, म्हणून दर 2 मिनिटांनी माणूस बदलायलाच लावतात. टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा दांडीचा पट्टा, मात्र घाईत उरकतात, आणि हे खटकतं. तो जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांधा टाळून बांधायचा; रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, वेळ लिहायची. पट्टा मुळातच ढिला ओढला असेल तर दांडी कितीही पिळा, रक्त थांबत नाही. देवळालीसारख्या छावणीत जाणाऱ्यांनी यासाठी जादा वेळ मागूनच घ्यावा.