स्लॅबचा आकडा खरा होता

दोन पोरं दुपारी दोन वाजता दारात आली, गळ्यात ओळखपत्र आणि हातात पिस्तुलासारखं थर्मामीटर, तर आमची हकीकत आठवा. आमचे साडेतेहतीस हजार गेले. त्यातले तीस हजार आईच्या पेन्शनचे.

घर मानेवाड्याकडे. बाबांनी बांधलेलं, वर उघडा स्लॅब. नागपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगायची गरज नाही. 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश आम्ही याच घरात काढले. पण आता आईला सोसत नाही. गेल्या वर्षी नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या नऊ कडक दिवसांत, रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला की चटका बसायचा. कूलर नुसता ओली वाफ फेकायचा, वाळ्याच्या ताट्या नव्या घालूनही. अशातच ही पोरं आली. तोंडाला दुपट्टे, अंगात पांढरे टी-शर्ट.

"काका, कूल रूफचा सर्वे करून राहिलो. छत पाहू द्या, दोन मिनिटं."

वर गेलो. एकानं बंदूक स्लॅबवर रोखली. आकडा आला 61. मग दुसऱ्यानं बादलीतला पांढरा रंग कोपऱ्यात हातभर फासला, वाळू दिला (त्या उन्हात कितीसा वेळ लागतो) आणि पुन्हा मोजलं. 45. मी स्वतः बंदूक हातात घेऊन दोन्हीकडे मोजलं. तेच आकडे.

2024 च्या मे अखेरीस नागपुरात 56 अंश झाल्याची बातमी फिरली होती, आठवतं? नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हापासून मी आकड्यांवर सहज विश्वास ठेवत नाही, म्हणून मुद्दाम स्वतः मोजलं. आकडा अगदी खरा होता. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो, यात खोटं काहीच नाही. आणि मी नेमकी तेवढीच गोष्ट तपासली. योजना कोणाची, अर्ज कुठे, पावती कोणत्या नावाची, यातलं काहीच नाही.

"तेलंगणात झालं काका, आता आपल्याकडे आलं," पोरगा म्हणाला. घरी मोबाइलवर पाहिलं तर तेलंगणाचं कूल रूफ धोरण खरंच निघालं, 2023 चं. मी खूश. पुढे वाचायचे कष्ट घेतले असते तर कळलं असतं की 600 चौरस यार्डांपेक्षा लहान प्लॉटवरच्या घरांना ते ऐच्छिक आहे. दारोदार पैसे वाटण्याशी त्याचा संबंध नाही, आणि ते राज्यही आपलं नाही.

पोरांचं म्हणणं असं: खर्च साडेसतरा हजार, त्यातलं 80 टक्के अनुदान, आपण फक्त 'लाभार्थी हिस्सा' भरायचा, साडेतीन हजार रोख. अनुदान थेट खात्यात येणार, त्यासाठी केवायसी. घर आईच्या नावावर, म्हणून आईचं आधार. आईनं तोवर त्यांना कैरीचं पन्हंही दिलं होतं.

आता हा भाग नीट वाचा. मोबाइलला जोडलेलं अंगठ्याचं छोटं मशीन त्यांनी काढलं. आईनं अंगठा ठेवला. पोरानं मान हलवली. "आजी, घामानं घेऊन नाही राहिलं. पुसून ठेवा बरं." आईनं पदराला अंगठा पुसला, पुन्हा ठेवला. "अजून एकदा." मी बाजूला उभा होतो. "दाबून ठेव आई," हे मीच म्हटलं.

तीनदा अंगठा, तीनदा दहा हजार. आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा पुरतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार निघतात, म्हणून घाम तीनदा आला. बँकेचं नाव त्यांनी फॉर्ममध्ये आधीच लिहून घेतलं होतं.

बँकेचा मेसेज का आला नाही? खात्याला बाबांचा नंबर जोडलेला होता. बाबा गेल्यावर ते सिम बंद झालं आणि नंबर बदलायचा राहून गेला. तुमच्याही घरी असं एखादं खातं असेल, आजच पाहून घ्या.

रंगवायला दुसऱ्या दिवशी माणसं येणार होती. आली नाहीत. फोन बंद. मला वाटलं, साडेतीन हजार बुडाले. लाजेखातर कोणाला सांगितलंही नाही. एकोणिसाव्या दिवशी आईचं पासबुक छापून आणलं तेव्हा एका खाली एक तीन ओळी दिसल्या, तारीख एकच.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, ठाण्यात गेलो. बँकेतला माणूस नरमपणे बोलला, पण बोलला ते असं: "अंगठा तर आजींचाच आहे ना." तिसऱ्याच कोणाच्या लबाडीनं पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड ग्राहकावर नाही, असं रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक सांगतं. सात दिवसांनंतर मात्र प्रकरण बँकेच्या स्वतःच्या धोरणावर जातं. आम्ही लाजण्यात एकोणीस दिवस घालवले. पैसे अजून आलेले नाहीत.

खऱ्या अनुदानाची चाल उलटी असते, हे शेजाऱ्यांनी सूर्यघर योजनेतून सोलर बसवलं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. अर्ज त्यांनी स्वतः पोर्टलवर भरला, काम नोंदणीकृत विक्रेत्याकडून करून घेतलं, तपासणी झाली आणि मग 3 किलोवॅटचे 78 हजार खात्यात आले. अंगठा मागायला दारात कोणी आलं नाही.

तो हातभर पांढरा कोपरा नुसता चुना होता. पहिल्या वादळी पावसात वाहून गेला. शेजारचे काका म्हणाले, "बापा, तुले तर खरोखरचाच चुना लावला!" हसलो, काय करणार. यंदा मी स्वतः चुना, पांढरा सिमेंट आणि फेविकॉल कालवून स्लॅबवर दोन हात मारले. खोलीत फरक पडलाय.

आईच्या आधारचं बायोमेट्रिक आता लॉक केलंय. एमआधार ॲपमधून होतं, पैसे लागत नाहीत. फक्त रेशनच्या दुकानात अंगठा चालत नाही, तेवढ्यापुरतं मला उघडून द्यावं लागतं. मागच्या महिन्यात रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "काहून हो, लॉक काहून केलं?" आईनं पिशवी खाली ठेवली आणि पन्ह्यापासून सुरुवात केली.