बॅकस्टेज : ‘ही सर्व्हिस कुणाची?’ याचं उत्तर एका जागी

बॅकस्टेज हे स्पॉटिफायने आपल्या इंजिनिअरांसाठी बनवलेलं आणि मार्च 2020 मध्ये ओपन सोर्स केलेलं डेव्हलपर पोर्टल, म्हणजे कंपनीतल्या सगळ्या सर्व्हिसेस, त्यांचे मालक आणि कागदपत्रं एका जागी दाखवणारी आतली वेबसाइट. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते सीएनसीएफकडे (क्लाउडची ओपन सोर्स साधनं सांभाळणारी संस्था) गेलं आणि मार्च 2022 मध्ये तिथे इन्क्युबेशनच्या म्हणजे मधल्या पातळीवर पोचलं. लायसन्स अपाची 2.0, म्हणजे वापरायला पैसे पडत नाहीत. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: दहा-बारा टीम आणि शंभराच्या वर रेपो (कोडचे साठे) असतील तर जरूर घ्या. चार-पाच टीम असतील तर सध्या थांबा, तुमचं काम एका साध्या फाइलीत भागेल. आणि घेतलंत तर प्रत्येक सर्व्हिसच्या फाइलीतली ‘ओनर’ (मालक टीम कोणती) ही एक ओळ नीट भरण्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. बाकीची सगळी सोय त्या ओळीवर उभी आहे.

हे साधन स्पॉटिफायमध्येच का जन्माला आलं ते पाहिलं की ते कसं वापरायचं हेही कळतं. 2012 मध्ये तिथल्या कामाच्या रचनेचं जे वर्णन प्रसिद्ध झालं, त्यात तीन शहरांत मिळून तीसच्या वर टीम होत्या. एकेका ‘स्क्वॉड’मध्ये आठाहून कमी माणसं, डिझाइन, कोड, टेस्टिंग आणि प्रॉडक्शनपर्यंत (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरपर्यंत) नेणं हे सगळं त्यांच्याच हातात. असे स्क्वॉड मिळून शंभराच्या आतली ‘ट्राइब’, आणि एकाच कौशल्याच्या लोकांना आडवं जोडणारं ‘चॅप्टर’. टीम लहान ठेवण्याचं गणित सरळ आहे: आठ जणांत दोघा-दोघांच्या जोड्या 28 होतात, पन्नास जणांची एकच टीम केली तर 1,225. पण टीम लहान आणि स्वायत्त झाल्या की प्रत्येकीला फक्त आपलं घर माहीत असतं. शेजारच्या टीमचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमनी तिची सर्व्हिस वापरण्याचं दार) कुठे आहे, तो बदलायचा असेल तर कुणाशी बोलायचं, कागदपत्रं कुठे आहेत, हे विचारण्यासाठीच मीटिंगा भरू लागतात. लहान टीम करून वाचवलेला वेळ तिथे जातो. बॅकस्टेज नेमकी ही गळती थांबवतं.

त्याचा गाभा म्हणजे सॉफ्टवेअर कॅटलॉग. प्रत्येक रेपोत सगळ्यात वरच्या पातळीवर ‘कॅटलॉग-इन्फो.यामल’ (catalog-info.yaml) नावाची साध्या मजकुराची फाइल ठेवायची. दहा-बारा ओळींची फाइल: हा कॉम्पोनंट (सॉफ्टवेअरचा एक भाग) आहे, एपीआय आहे की रिसोर्स (डेटाबेससारखं साधन); नाव काय; प्रकार काय, सर्व्हिस की वेबसाइट की लायब्ररी; सध्या प्रयोगात आहे, प्रॉडक्शनला आहे की बंद करायला काढलाय; कुठल्या सिस्टिमचा भाग आहे; आणि ओनर कोण. बॅकस्टेज ती वाचतं आणि त्या सर्व्हिसचं पान उभं करतं. नाव 63 अक्षरांच्या आत आणि रोमन लिपीतच हवं, पण शीर्षक आणि वर्णन देवनागरीत लिहिता येतं. सपोर्टची टीम मराठीत काम करत असेल तर ही सोय नक्की वापरा.

ओनरच्या ओळीत तीन चुका होतात, आणि तिन्ही महाग पडतात. पहिली स्पेलिंगची. अस्तित्वातच नसलेल्या टीमचं नाव लिहिलं तरी बॅकस्टेज फाइल नाकारत नाही. संबंधित नोंद सापडली नाही अशी सूचना पानावर येते आणि काम पुढे चालू राहतं. कुणी ‘पेमेंट’ लिहितं, कुणी ‘पेमेंट्स’, आणि निम्म्या सर्व्हिसेस बेवारस राहतात. म्हणून पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) सीआयमध्ये (बदलाची आपोआप होणारी तपासणी) एक छोटी स्क्रिप्ट लावा: ओनरचं नाव टीमच्या यादीत नसेल तर बिल्ड फेल. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे, ते पहिल्याच आठवड्यात करा. दुसरी चूक म्हणजे माणसाचं नाव घालणं. बॅकस्टेज ते चालवून घेतं, पण तो माणूस नोकरी सोडतो आणि सर्व्हिस अनाथ होते. तिसरी चूक सगळ्यात खोल: ओनर म्हणून ‘बॅकएंड टीम’ किंवा ‘क्यूए टीम’, म्हणजे कौशल्यावरून पाडलेली टीम, लिहिणं. चाळीस सर्व्हिसेस एकाच ‘बॅकएंड’च्या नावावर असतील तर तो बारभाईंचा कारभार, तिथे स्वायत्त टीम नाही. सर्व्हिस पडली की ज्यांचा ऑन-कॉल फोन वाजतो तीच टीम ओनर. तो फोन आज दुसऱ्याच टीमकडे वाजत असेल तर आधी ती व्यवस्था बदला, मग फाइल भरा. असं प्रत्येक सर्व्हिसबद्दल ठरवताना जे वाद होतात ते होऊ द्यावेत. आमच्या मते बॅकस्टेजचा निम्मा फायदा पोर्टल चालू होण्याआधीच्या या वादांतच मिळतो.

टीमची यादी आणण्याचे दोन रस्ते आहेत. गिटहबच्या (रेपो ठेवण्याची साइट) ऑर्गनायझेशनमधून आपोआप आणता येते, पण मग केवळ परवानग्या देण्यासाठी केलेल्या टीमही येतात: सगळे डेव्हलपर, रिलीजचे बॉट, बाहेरचे कंत्राटदार. त्यांतली एखादी कुणीतरी ओनर म्हणून निवडतंच. पंधरा-वीस टीमपर्यंत आम्ही हाताने लिहिलेली यामल फाइल सुचवू. तिच्यातला प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टने व्हावा. स्क्वॉड, ट्राइब, चॅप्टर सगळे ‘ग्रुप’ म्हणूनच नोंदायचे, प्रकार वेगळा द्यायचा, आणि ओनर फक्त स्क्वॉडच असेल हेही त्याच स्क्रिप्टमध्ये तपासायचं. एक माणूस दोन-तीन ग्रुपमध्ये असला तरी अडत नाही. ट्राइब सांभाळणाऱ्यांची एक तक्रार हमखास येते: पान उघडल्यावर आपल्या नावावर काहीच दिसत नाही. कारण मालकी मोजताना मुळात थेट सदस्यत्वच धरलं जातं. ग्रुपच्या पानावर एकत्रित संबंध दाखवणारं बटण आहे, ते दाबलं की पोटातल्या टीमच्या सर्व्हिसेस दिसतात.

कुठली सर्व्हिस कुठला एपीआय देते आणि कुठला वापरते हे त्याच फाइलीत लिहिलं की आलेख तयार होतो, आणि एपीआय बदलण्याआधी कुणाला कळवायचं ते पाच सेकंदांत दिसतं. मात्र हे संबंध बॅकस्टेज स्वतःहून शोधत नाही. वापरणाऱ्या टीमने ‘मी हा एपीआय वापरते’ असं लिहिलं नसेल तर ती आलेखात नाही. आलेखावर विसंबून जुना एपीआय बंद करू नका. गेटवेच्या (एपीआयकडे येणाऱ्या विनंत्या जिथून जातात तो सर्व्हर) लॉगमध्ये गेल्या तीस दिवसांत कोण येऊन गेलं ते बघा आणि जे सापडतील त्यांच्या फाइली दुरुस्त करून घ्या.

सॉफ्टवेअर टेम्प्लेट ही आम्हाला मनापासून आवडलेली गोष्ट. नवी सर्व्हिस काढायची तर फॉर्म भरायचा. सांगाड्याचा कोड आणणं, गिटहबवर रेपो तयार करणं, कॅटलॉगमध्ये नोंद करणं, या तिन्ही पायऱ्या आपोआप होतात. सीआयची फाइल, डॉकरफाइल (सर्व्हिसचं पॅकेज कसं बांधायचं ते), हेल्थ चेक (सर्व्हिस चालू आहे का ते) सांगाड्यातच असले की दुसऱ्या टीमकडे तिकीट टाकून बसावं लागत नाही. स्वायत्तता म्हणतात ती रोजच्या कामात अशी दिसते. फॉर्ममध्ये ओनर हाताने टाइप करू देऊ नका: ओनर निवडण्याचं तयार फील्ड आहे, त्यात फक्त ग्रुप दिसतील असा फिल्टर लावा आणि मनमानी नाव टाकायची मुभा बंद करा. मर्यादा एकच, पण मोठी: टेम्प्लेट एकदाच चालतं. सहा महिन्यांनी सांगाडा सुधारलात तरी आधी निघालेल्या रेपोंना त्याचा पत्ता नसतो. म्हणून सीआयचा सामाईक भाग सांगाड्यात कॉपी न करता वेगळ्या रेपोत ठेवून व्हर्जनने जोडा.

बॅकस्टेजमधलंच टेकडॉक्स कोडशेजारच्या मार्कडाउन (साध्या खुणा घातलेल्या मजकुराच्या) फाइलींपासून कागदपत्रांची साइट करतं, आणि चांगली करतं. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये ती साइट बॅकस्टेजच्या सर्व्हरवरच बनते, त्यामुळे पहिला वाचक ताटकळतो. प्रॉडक्शनमध्ये ती सीआयमध्ये बनवून ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या साठ्यात ठेवा.

आता चालवण्याचा खर्च. बॅकस्टेज इन्स्टॉल करून विसरायचं पॅकेज नाही; एका कमांडने तुमच्या हातात टाइपस्क्रिप्टचा एक प्रोजेक्ट येतो, फ्रंटएंड (दिसणारा भाग) 3000 पोर्टवर, बॅकएंड (मागचा सर्व्हर) 7007 वर, आणि तिथून पुढे तो तुमचाच कोड. रिॲक्ट आणि नोड येणारी दोन माणसं त्यावर पूर्णवेळ धरा, निदान पहिलं वर्ष. घोटाळे ठरलेल्या जागी होतात. डेव्हलपमेंटमध्ये डेटाबेस मेमरीतला एसक्यूलाइट असतो, म्हणून स्क्रीनवरून केलेल्या नोंदी रीस्टार्ट झाल्यावर गायब होतात. डेमोच्या आधीच पोस्टग्रेस (नोंदी टिकवणारा डेटाबेस) लावा. कॅटलॉगमधली प्रत्येक नोंद सुरुवातीच्या सेटिंगमध्ये साधारण 100 ते 150 सेकंदांनी पुन्हा तपासली जाते. 400 रेपो म्हणजे ताशी साडेअकरा हजारांच्या घरात तपासण्या, आणि गिटहबच्या वैयक्तिक टोकनची (एका वापरकर्त्याच्या नावाची किल्ली) मर्यादा ताशी 5,000 विनंत्या. न बदललेल्या फाइलींच्या सगळ्या तपासण्या त्यात मोजल्या जात नसल्या तरी शेकडो रेपोंवर ती मर्यादा गाठली जाते आणि नव्या नोंदी येईनाशा होतात. तपासणीचं अंतर अर्ध्या तासावर न्या आणि टोकनऐवजी गिटहब ॲप वापरा. गेस्ट लॉगिन फक्त डेव्हलपमेंटपुरतं आहे, आणि सुरुवातीची परवानगीची पॉलिसी सगळ्यांना सगळं करू देते, म्हणून कंपनीचं साइन-इन जोडून पॉलिसी लिहिल्याशिवाय पोर्टल आतल्या नेटवर्कच्या बाहेर आणू नका. मुख्य रिलीज दर महिन्याला येते. दर महिन्याला अपग्रेड केलं तर अर्ध्या दिवसाचं काम असतं; आठ महिने साचू दिलं तर प्लगिन (वरून जोडलेले भाग) एकमेकांशी जुळत नाहीत आणि आठवडे जातात.

लहान कंपन्यांना हा पसारा परवडणार नाही. त्यांच्यासाठी गिटहबची कोडओनर्स फाइल पुरेशी आहे: कुठला फोल्डर कुठल्या टीमचा ते ओळीओळीने लिहायचं आणि ब्रँचच्या संरक्षणात (मुख्य कोड परस्पर बदलू न देणारी सेटिंग) ओनरचा रिव्ह्यू सक्तीचा करायचा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकाच फाइलला अनेक ओळी लागू होत असतील तर शेवटची ओळ चालते, म्हणून सर्वसाधारण नियम वर आणि खास नियम खाली. आणि रेपोवर लिहिण्याची परवानगी नसलेली टीम ओनर धरली जात नाही.

बॅकस्टेज घेणाऱ्यांनी एकदम चारशे रेपो ओढू नयेत. ज्यांच्या एपीआयवर बाकीचे जास्त अवलंबून आहेत अशा दोन टीम निवडा, त्यांच्या पंधरा-वीस सर्व्हिसेस पूर्ण भरा, टेम्प्लेट एकच ठेवा, आणि मग पुढच्या टीम घ्या. टीम फोडायची वेळ येईल तेव्हा आधी दोन नवे ग्रुप तयार करा, जुना तसाच राहू द्या. एकेका रेपोतली ओनरची ओळ नव्या टीमनेच पुल रिक्वेस्टने बदलावी, म्हणजे सर्व्हिस स्वीकारल्याची नोंदही राहते. जुन्या ग्रुपच्या पानावर मालकीचा आकडा शून्य दिसला की मगच तो ग्रुप काढा.