पानांवरचे ठिपके ओळखायला फोल्डस्कोप (कागदी सूक्ष्मदर्शक) घ्यावा का?

घ्यावा, पण त्याआधी सराफांकडे असतं ते दहा पटीचं भिंग घ्या. झवेरी बाजारात सहज मिळतं.

मी माहीमला राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवते. किनाऱ्यावरच्या झाडांची पानं तपासणं हा माझा जुना नाद. लोक ज्याला ‘बुरशी लागली’ म्हणतात त्यातलं बरंचसं बुरशी नसतंच. तिवराच्या पानावरचे पांढरे कण म्हणजे झाडाने बाहेर टाकलेलं मीठ, बोट ओलं करून फिरवलं की विरघळतं. करंजाच्या पानावरचे फोड अतिसूक्ष्म माइट्समुळे (कोळीकिडींमुळे) येतात. नारिंगी, मखमली गोल डाग बहुधा सेफॅल्युरोस, म्हणजे चक्क शैवाल! एवढं सगळं भिंगाने कळतं.

त्यापुढे बुरशीचे बीजाणू, म्हणजे ती ज्यातून पसरते ते सूक्ष्म कण, बघायचे तर फोल्डस्कोप. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी बनवलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पट मोठं दाखवतो, साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील कळतो. कागद भिजत नाही, म्हणून भर जुलैतही माझ्या पिशवीत असतो. चुंबकाने मोबाइलला चिकटतो आणि मला दिसलेलं लगेच मुलांनाही दिसतं, याचं मला फार मोल वाटतं.

पारदर्शक चिकटपट्टी डागावर हलके दाबा आणि काचपट्टीवर लावा. झाडावरच्या पानावरच हे करता येतं. खारफुटीचं पान तर तोडूच नये. गळलेलं पान उचलण्यातही अर्थ नाही, त्यावर मेलेल्या पानांवर जगणाऱ्या भलत्याच बुरशा चढलेल्या असतात.

पेस्टॅलोशिऑप्सिस ही बुरशी फोल्डस्कोपमध्ये छान ओळखू येते: पाच पेशींचा बीजाणू, मधल्या तीन तपकिरी, टोकाच्या दोन बिनरंगी. टोकावरच्या बारीक मिशा मात्र दिसतीलच असं नाही. सर्कोस्पोराच्या गटातले बीजाणू लांब, चाबकासारखे. कोलेटोट्रायकमचे एकपेशीय आणि बिनरंगी, त्यामुळे कॉटन ब्लूने रंगवल्याशिवाय नजरेतून निसटतात.

ओळख मात्र प्रजातीपर्यंतच (जीनस) पोचते, जातीपर्यंत (स्पीशीज) नाही. कोलेटोट्रायकमच्या कितीतरी जाती दिसायला सारख्या असतात, त्या डीएनए तपासल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तेव्हा नुसत्या मोबाइलच्या फोटोवरून कुणी जातीचं पूर्ण नाव सांगितलं तर मी ते वहीत पेन्सिलीनेच लिहिते.

सवय होईपर्यंत फोकस साधायला वेळ लागतो, मान अवघडते. खिडकीशी उभं राहून उजेडाकडे धरा. रोज शंभर पट्ट्या तपासायच्या असतील तर टेबलावरचा सूक्ष्मदर्शकच हवा. पण शिवडीच्या किंवा गोराईच्या खाडीकाठी उभ्याउभ्या बघायचं असेल तर मी हाच नेते. प्रत्येक फोटोशेजारी झाडाचं नाव, भरतीचं पाणी तिथवर येतं का आणि डाग पानाच्या दोन्ही बाजूंना आहे का, एवढं लिहून ठेवा. बुरशी शोधताना झाडाची ओळख आधी पक्की लागते.