चिंचोक्यांना सहा, भातुकलीला दोन

नातवाच्या प्रवेशाआधी बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका बालवाडीत सकाळभर बसून आले. नाव घालत नाही, कारण पुढे तक्रार आहे. शहापुरात 28 वर्षं बालवाडी चालवलीय मी; भिंतीवरची फुलपाखरं बघून फी भरणाऱ्यातली नव्हे. सुनेनं एम.एड.ला वापरलेली 'क्लास' पद्धत, म्हणजे वर्गात बसून शिकवण्याला गुण द्यायची रीत, शिकून घेतली. 20 मिनिटं नुसतं बघायचं, 10 मिनिटांत टिपणं नि गुण, 1 ते 7. खेळणी किती हे मोजायचं नाही. ताई मुलांशी कशा वागतात-बोलतात ते बघायचं.

आधी गटकाम. चटईवर पाच मुलं, मधे चिंचोके. एका पोरीनं सात मोजले, पुन्हा मोजताना आठ झाले. ताई "चुकलं" म्हणाल्या नाहीत. "आठवा कुठनं आला गं?" विचारलं आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या. पोरीनं बोट फिरवत फिरवत एकच चिंचोका दोनदा मोजल्याचं स्वतःच पकडलं. शेजारचा ओरडला, "एळु!" "होय की, एळु म्हणजेच सात," ताई म्हणाल्या. कन्नड बोलला म्हणून कुणी डोळे वटारले नाहीत, हे मला फार आवडलं. सहा गुण. सातवा राखला, कारण कडेचा एक मुलगा शेवटपर्यंत गप्पच होता.

मग मुक्त खेळ. त्याच ताई, पण आता खुर्चीत, हजेरीवही उघडून. "भांडू नका", "सांडू नका", 20 मिनिटांत एवढंच बोलणं. आणि भातुकलीत कोण? तोच गप्प मुलगा! चुलीवर डबी ठेवून कुंदा, म्हणजे आपली दूध आटवून करतात ती मिठाई, ढवळत होता, "अजून लाल झाला नाही" असं पुटपुटत. नुसतं "मालक, किती वेळ लागणार?" विचारायला हवं होतं. दूध आटतं कसं, साखर कधी, घरी ढवळतं कोण, सगळं बोलला असता तो. कुणी गेलंच नाही. दोन गुण.

ताईंना एकट्यांना दोष देत नाही. 24 मुलं, मदतनीस एकच, आणि ती डबे लावण्यात. वही भरायला दुसरी वेळच ठेवलेली नाही. बाकी संडास स्वच्छ, फाटकाला कडी.

मुख्याध्यापिकाबाईंना दोन्ही आकडे दाखवले. वही मुलं घरी गेल्यावर भरायचं त्यांनी कबूल केलंय. जूनला नातवाला घालतोय. दसऱ्याआधी मी पुन्हा घड्याळ घेऊन भातुकलीपाशी बसणार, तेही सांगून आले.