सर्पदंशाची मार्गदर्शिका: नवी लिहायची की आहे ती जुळवून घ्यायची?

मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांसाठी कोऱ्या पानावरून सुरुवात करायची तर नेमके प्रश्न ठरवा, जगभरचे अभ्यास धुंडाळा, ग्रेड पद्धतीने पुरावा किती भक्कम ते जोखा. यात वर्षं जातात. जिल्ह्याच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

मला जुळवून घेणंच पटतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शिका हाताशी आहे. पण नुसती नक्कल करून भागणार नाही. सापाच्या विषाने रक्त गोठणं बिघडलंय का हे दाखवणारी २० मिनिटांची चाचणीच बघा: तिला स्वच्छ, कोरडी, काचेचीच नळी लागते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली घेतली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निदान चुकतं. वसमतला, भूमला मध्यरात्री अशी नळी हाताशी असते का, हे तिथल्या सिस्टरांना विचारूनच शिफारस लिहावी.